डोंगरावरचा पाहण्याचा कार्यक्रम

पोहे करायचे नाहीत, हा काकूंचा पहिला हुकूम.

"पोहे पाहिले का समजते लोकाईले," काकू म्हणाल्या. "अन् उपमाही नको. उपमा म्हणजे पोह्याचीच बहीण. तू सँडविच कर."

मी काकूंच्या घरी स्वयंपाक करते आणि त्यांच्याच घरामागच्या खोलीत राहते. सँडविच मी तोवर फक्त टीव्हीत पाहिलं होतं. तरी "हो काकू" म्हटलं, कारण काकूंना मी दुसरं काही म्हणत नाही.

बेत असा होता. काकूंची मुलगी, जिला मी ताई म्हणते, बाजारहत्नूरच्या बँकेत नोकरीला. तिच्यासाठी पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, वडील नाहीत, घरात फक्त आई. दोन्हीकडची माणसं शिकलेली, म्हणून दोन्हीकडच्यांना पाहण्याच्या कार्यक्रमाची लाज वाटायची. मुलीनं साडी नेसून खाली मान घालून ट्रे आणायचा, हे आता कोण करतं? त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वाघांच्या राखीव जंगलात जायचं. डोंगर चढायचा, धबधबा बघायचा, पक्षी बघायचे. पोरं सहज भेटतील, सहज बोलतील. ताईला सांगितलं होतं की मुलाला यातलं काही माहीत नाही, तू दाखवू नको. मुलाला सांगितलं होतं की मुलीला काही माहीत नाही, तू दाखवू नको. थोडक्यात, माहीत नव्हतं ते फक्त पक्ष्यांना.

ताई आदल्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली होती. काकू डाळ निवडत होत्या.

"आई, ही शेवटची," ती म्हणाली. "मी किती जणांपुढं बसली ते तुला माहीत हाय."

"बसली म्हणजे? उद्या तर चालायचंच हाय," काकू म्हणाल्या.

"मी सांगून ठेवते. त्यांच्याकडून नाही आलं, तर यानंतर कोणी मला पाहायला येणार नाही. मी माझी नोकरी करीन, इथंच राहीन. कबूल?"

काकूंनी डाळीतला एक खडा काढून लांब टाकला. "अन् तू नाही म्हटलं तर?"

"तर तू म्हणशील ते."

"मंग ठरलं. तू नाही म्हटलं तर पुढचं स्थळ. त्याईनं नाही म्हटलं तर बंद. देवाशपथ बंद."

काकू शपथ घेऊन मोकळ्या झाल्या, कारण एवढी गोरी, पगारदार पोरगी डोंगरावर मोकळ्या हवेत पाहिल्यावर कोण नाही म्हणेल, अशी त्यांची खात्री होती. माझी खात्री कशाचीच नव्हती. मला आधी अस्वलाची भीती वाटत होती, मग सँडविचातलं बटर वितळायची, आणि त्याहून मोठी म्हणजे काकूंनी मला दिलेल्या कामाची. पोरं दोघं बोलायला लागली की मी मागं मागं राहायचं. फार जवळ नाही, फार लांब नाही. कोणी विचारलं तर पाण्याची बाटली घेऊन आले म्हणायचं.

नाही म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी कोकणातल्या एका गावची. सातवीनंतरची शाळा नदीपलीकडं होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोणी हवं होतं, तेव्हा माझं शिक्षण नदीच्या अलीकडंच राहिलं. लग्न होऊन आदिलाबादला आले तर इथली निम्मी माणसं तेलुगू बोलत होती आणि निम्मी जे मराठी बोलत होती तेही मला कळत नव्हतं. नवरा जिनिंगच्या कारखान्यात फिटर. एकदा त्याचा हात यंत्रात गेला आणि त्याला दवाखान्यात नेलं. मी तिथं पोचले, तर सगळे माझ्याशी तेलुगूत बोलत होते आणि मी सगळ्यांकडं बघून मान हलवत होते. नवरा कुठल्या खोलीत आहे तेही मला कळेना. शेजारच्या खाटेवरच्या कोणा नातेवाइकाला बघायला काकू आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली व?" त्या दिवसापासून डॉक्टरांशी त्याच बोलल्या. हात वाचला. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोललेल्या उपकाराचं ओझं बोललेल्यापेक्षा जास्त असतं. बोललेल्याचा निदान राग तरी येतो.

तर आम्ही निघालो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. जीपमध्ये पुढं काका, गळ्यात दुर्बीण, मांडीवर पक्ष्यांचं पुस्तक. काका तहसिलीतून रिटायर झाले तेव्हा त्यांना ही दुर्बीण निरोप समारंभात मिळाली होती. तेव्हापासून ते पक्षीनिरीक्षक. त्यांना पक्षी दिसतो, पण कुठला ते पुस्तकात सापडेपर्यंत पक्षी राहत नाही, म्हणून ते सगळ्यांना शिक्रा म्हणतात. हिरवा असला तरी शिक्रा.

"आज मौका मुआयना आहे, जागेवरची पाहणी," काका मुलाच्या आईला म्हणाले. काकूंनी मागून त्यांच्या खांद्याला बोट टोचलं. "म्हणजे जंगलाचा," ते घाईनं म्हणाले.

मुलाच्या आई मूळच्या यवतमाळच्या, पण पुण्यात राहून त्यांनी आपली भाषा घासून पुसून चकचकीत केली होती. "किती छान निसर्ग आहे नाही इकडे!" असं त्या दर दोन शेतांमागे म्हणत होत्या. तुरीला म्हणाल्या, ज्वारीला म्हणाल्या, एकदा तर पेट्रोलपंपालाही म्हणाल्या. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. चेहरा बरा होता त्याचा, पण परीक्षेला बसलेल्या माणसासारखा, ज्याला प्रश्नपत्रिका कालच मिळाली आहे आणि तरी उत्तर येत नाही.

इच्चोड्याच्या पुढं विजेच्या तारेवर एक निळ्या पंखांचा पक्षी बसलेला दिसला. काकू जीपमध्येच हात जोडून उभ्या राहायला गेल्या आणि त्यांचं डोकं टपाला आपटलं.

"पालपिट्टा! पालपिट्टा दिसला!"

"शिक्रा," काका म्हणाले.

"हा पक्षी आहे ना? ह्याला नमस्कार कशाला?" मुलाच्या आईंनी विचारलं.

पालपिट्टा म्हणजे नीलपंख; इकडं दसऱ्याला तो दिसणं शुभ मानतात. माणसं त्याच्यासाठी गावाबाहेर जातात. दसरा होऊन गेला होता, पण काकूंनी शुभ तेवढं ठेवून घेतलं. "आता सगळं चांगलंच होते," त्या माझ्या कानात म्हणाल्या. पक्षी आमच्याकडं पाठ करून बसला होता. त्याचं लक्ष खाली शेतातल्या कुठल्याशा किड्यावर असावं.

कुंतलाच्या धबधब्यावर गर्दी असते, म्हणून काकांनी ओळखीनं आडबाजूचा एक धबधबा ठरवला होता. फाटकाशी जंगलखात्याचा वाटाड्या भेटला, जवळच्या गोंड पाड्यातला मध्यम वयाचा माणूस. त्यानं आमच्या चपला-बुटांकडं पाहिलं आणि पुढं चालायला लागला. मग चढ सुरू झाला, आणि तिथं मला हळूहळू उमगलं की कार्यक्रम सुरू झाला आहे.

माझ्या आईला पाहायला आले होते तेव्हा तिला अंगणात चार पावलं चालवून बघितलं होतं, पायात खोट नाही ना म्हणून. सुईत दोरा ओवायला दिला होता, नजर चांगली आहे ना म्हणून. ती हे सांगायची तेव्हा आम्ही पोरी हसायचो, काय ती जुनी माणसं! नवी माणसं चार पावलांवर भागवत नाहीत. त्यांनी ताईला अख्खा डोंगर चढवला. मुलाच्या आई तिच्या मागं दोन पावलं ठेवून चालत होत्या आणि त्यांची नजर वाटेवर कमी, ताईच्या टाचांवर जास्त होती.

"दम नाही ना लागत गं? आमच्या सोसायटीत लिफ्ट बऱ्याचदा बंद असते."

"नाही लागत," ताई म्हणाली. तिला घाम फुटला होता. डोंगर चढायची तिला बिलकुल आवड नाही. सुट्टीच्या दिवशी ती पंख्याखाली पडून वाचते.

थोडं वर गेल्यावर मुलाच्या आई थांबल्या आणि समोरच्या ऐनाच्या झाडाकडं बोट केलं. "ते बघ, वरच्या फांदीवर. दिसतोय का तुला पक्षी? चष्मा नाही ना तुला?"

दोरा गेला आणि पक्षी आला, एवढाच काय तो फरक.

"दिसतो," ताई म्हणाली.

"काय रंगाचा?"

"मावशी, ते पान आहे."

काकांनी लगेच दुर्बीण लावून पानाची शहानिशा केली. मुलाच्या आई खूश झाल्या. नजर पास.

मुलगा एवढ्या वेळात एकदा बोलला. ताईनं पाण्याची बाटली पुढं केली तेव्हा "थँक्यू" म्हणाला. काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू अंतरपाट दूर झाला.

धबधबा चांगला होता, खोटं कशाला बोलू. काळ्या खडकावरून पाणी दोन टप्प्यांत पडत होतं आणि खाली हिरवा डोह. पण माझ्या माहेरी घरामागच्या डोंगरावरून पावसाळ्यात असे चार-पाच उतरतात, आम्ही त्याला पऱ्या म्हणतो आणि त्यात घोंगड्या धुतो. इथं मुलाच्या आई छातीवर हात ठेवून "निसर्ग!" म्हणाल्या तेव्हा मला एकदम घरची आठवण आली आणि मी डब्यांकडं लक्ष दिलं.

"तुमी दोघं जाऊन या ना खाली डोहाजवळ," काकू अगदी सहज म्हणाल्या. त्या सहजाची तालीम त्यांनी माझ्यासमोर आरशात केली होती. "आमी आता थकलो. आमी इथूनच पक्षी पाहतो."

दोघं खाली उतरली. मी बाटली घेऊन मागं. वर खडकाच्या कडेला काका, काकू आणि मुलाच्या आई एका ओळीत बसले. एक दुर्बीण तिघांत फिरत होती. वाटाड्या माझ्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत आला, वर बघून थबकला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, पक्षी तर झाडावर हाय. ह्या लोकाईनं दुर्बीण खाली काऊन धरली?"

"त्यांना पाण्यातले आवडतात," मी म्हटलं.

डोहाजवळ पाण्याचा आवाज मोठा, म्हणून दोघं मोठ्यानं बोलत होती. वर ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी एका धोंड्यामागं बसले होते, मला सगळं ऐकू आलं. ऐकू यायला नको होतं असं मी म्हणणार नाही, त्याच कामाला मला आणलं होतं.

"मला माहीत आहे हे काय आहे," मुलगा म्हणाला.

"मलाही," ताई म्हणाली. "वर बघू नका, दुर्बीण तुमच्या आईकडं आहे."

तो हसला. पहिल्यांदा माणसासारखा दिसला. मग म्हणाला, "तुम्ही चांगल्या आहात. पण माझं पुण्यात आहे. म्हणजे, एक मुलगी आहे. दोन वर्षं झाली. आईला सांगितलेलं नाही."

"मग सांगा."

"तिला बीपी आहे."

"मग काय करणार?"

"तुम्ही नाही म्हणा," तो म्हणाला. "प्लीज. तुम्हाला काय, तुम्ही म्हणू शकता मुलगा आवडला नाही. उंची कमी आहे म्हणा. काहीही म्हणा. मी वाईट वाटून घेणार नाही."

ताईनं तोंड पाण्याकडं वळवलं. मला वाटलं ती रडतेय की काय. पण तिनं एक खडा उचलून डोहात भिरकावला.

"तुम्ही वाईट वाटून घेणार नाही," ती म्हणाली. "केवढे उपकार! मी नाही म्हटलं तर घरी पुढचं स्थळ तयार आहे, त्याच्या पुढं आणखी एक. मी नाही म्हटलं तर गावात म्हणतील, पोरगी नोकरी करते ना, डोक्यात गेलंय. तुम्ही एकदा नाही म्हटलं की मी सुटते. कायमची. माझ्या आईनं शपथ घेतलीय. तुमच्या तोंडचा एक शब्द पाहिजे मला. वर जायचं, आईसमोर म्हणायचं, मला करायचं नाही. बस्."

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो नाही."

"सांगतो. नक्की सांगतो."

वर येताना तो ताईला प्रत्येक दगडावर हात देत होता. मनातलं ओझं उतरलेला माणूस फार अदबीनं वागतो. आणि दुर्बिणीतून फक्त हातच दिसत होता.

जेवायला बसलो. सँडविच कोणी खाईना. मी गुपचूप बरोबर घेतलेल्या भाकरी, झुणका आणि ठेचा काढला, तेव्हा मुलाच्या आईंनी सँडविच हळूच वाटाड्याकडं सरकवलं आणि भाकरीवर हात मारला. भाकरी संपवून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता लपवाछपवी कशाला? आम्हाला मुलगी पसंत आहे."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, "चला, फैसला झाला." वाटाड्यानं सँडविच उलगडून आत काय आहे ते पाहिलं.

ताईनं मुलाकडं पाहिलं. मी पाहिलं. तो झुणक्याकडं बघत होता. असा बघत होता की जणू त्यात कुठला तरी दुर्मिळ पक्षी आहे. ताई थांबली. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आता बोल. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायला लागला. किती चावावं माणसानं!

"काय रे, बोल ना," त्याची आई लाडानं म्हणाली. "लाजतोय!"

तो हसला. तेच डोहाजवळचं हसू, पण इथं ते होकारासारखं दिसत होतं.

तेव्हा काकू माझ्याकडं वळल्या. त्या इतक्या आनंदात होत्या की मला तिथं चोरून ठेवलं होतं हेही विसरल्या. "तू तर मागंच होती व! सांग ना, काय काय बोलले दोघं? जमलं ना चांगलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझे हात ठेच्यात होते. डोळ्यांसमोर एकदम घरामागची आमची खोली आली, तिचं पत्र्याचं छप्पर, दोरीवरचे नवऱ्याचे कपडे. दवाखान्यातल्या काकू आल्या. मला वाटलं, म्हणावं, पाण्याच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही. तेही खरं वाटलं असतं. मग ताईचं तोंड दिसलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. कोणाकडूनच काही मागायचं नाही असं ठरवून ती बोटं चाटत होती.

"नाही जमलं, काकू," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "त्यांचं पुण्यात ठरलेलं आहे. दोन वर्षं झाली. त्यांना हे लग्न करायचं नाही. आईंना बीपी आहे म्हणून ते सांगत नाहीत. नकार ताईंनी द्यावा असं म्हणाले. ताई नाही म्हणाल्या. म्हणजे, नकार द्यायला नाही म्हणाल्या."

मला सगळं नीट सांगता आलं का माहीत नाही, पण कळायचं ते कळलं. धबधबा केवढा आवाज करतो ते तेव्हा समजलं. मुलाच्या आईंचं सगळं पुणं एका क्षणात गळून पडलं. "काऊन रे? हे खरं हाय काय?"

मुलानं घास गिळला. "हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? मले कायले आणलं ह्या डोंगरावर? माहे गुडघे गेले ना!"

बीपीचं मात्र काही झालं नाही. त्या उठल्या, दोन धोंडे ओलांडून मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि उतारावरून अशा तडातडा उतरल्या की गुडघ्यांबद्दलही मला शंका आली.

काकांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते दुर्बीण लावून झाडाकडं बघत म्हणाले, "शिक्रा." या वेळी खरंच होता की काय कोण जाणे, कोणी पाहिलं नाही.

ताई पुढं झुकली. "आई, त्यांनी नाही म्हटलं. ऐकलं ना तू?"

काकू उठल्या. त्या डबे आवरायला लागल्या. ते माझं काम, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही.

परतीच्या वाटेवर काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी वाटेभर हिशेब करत होते, खोली सोडायला सांगितली तर कुठं जायचं, नवऱ्याला काय सांगायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला धोंड्यामागं बसायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, काकूंनी. तो म्हणाला, "मग त्यांनीच सांगितलेलं काम केलंस." पुरुषांना सगळं असं सोपं दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत स्वयंपाकघरात गेले. काकूंनी भाजी काढून ठेवलेली होती, नेहमीसारखी. काय करायचं ते सांगितलं, नेहमीसारखं, फक्त माझ्याकडं न बघता. असे बरेच दिवस गेले. गावात एव्हाना बातमी पोचली होती आणि तिची सुधारलेली आवृत्ती आम्हाला परत ऐकू आली: एवढी नोकरी असून पोरीला जंगलातसुद्धा नकार आला. शेजारच्या बाई मुद्दाम येऊन "वाईट वाटलं हो" असं सांगून गेल्या. ताई त्यांना चहा देऊन बाजारहत्नूरच्या बसला निघून गेली, आणि मी गेली कित्येक वर्षं तिला असं हलक्या पावलांनी जाताना पाहिलं नव्हतं.

एक दिवस सकाळी मी भाकरी थापत होते आणि फोन वाजला. काकूंची नांदेडची चुलत बहीण. तिचा आवाज फोनमधून बाहेर सांडतो, त्यामुळे मलाही कळलं: एक चांगलं स्थळ आहे, सरकारी इंजिनियर, त्यांना पाहण्याचा कार्यक्रम वगैरे काही नको, सगळे मिळून कुठंतरी फिरायला जाऊ.

मी थापायची थांबले. फोनमधली बाई "हॅलो, हॅलो" करत होती.

"नाई व," काकू म्हणाल्या. "आमच्या घरी पाहायले कोणती पोरगी नाई आता." पलीकडून प्रश्न आला असावा. "हाय ना, पोरगी हाय. बँकेत गेली हाय. पाहायले नाई हाय."

त्यांनी फोन ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"मले काय पाहून राह्यली?" काकू म्हणाल्या. "तव्याकडं पाय. भाकर करपली."